सुट्टी नेमकी कोणाची?

परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाती नव्या वर्षाचे कॅलेंडर आले म्हणजे तो आधी सणवार पाहतो, आणि सणापेक्षाही सणाचा वार अधिक बारकाईने पाहतो. आम्ही कतारमध्ये राहणारी मराठी मंडळी याला अपवाद नाही. येथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. या देशाचा राष्ट्रीय दिन १८ डिसेंबर. सन २०२५ मध्ये तो गुरुवारी आला, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी तीन दिवसांची सलग सुट्टी पदरात पडली. असा योग दिसला की महिनाभर आधीच फोनाफोनी सुरू होते. डिसेंबरात येथील हवा सुखाची असते. कोणी म्हणतो वाळवंटात तंबू ठोकू, कोणी म्हणतो दुबईला जाऊ. पण लहान मुले आणि खिसा या दोहोंचा विचार करता बऱ्याच घरांचे एकमत होते ते समुद्रावर, आणि समुद्र म्हटला की पुष्कळांच्या तोंडी नाव येते लुसैलचे.

लुसैल हे दोह्याच्या उत्तरेस समुद्राला लागून वसवलेले नवे शहर आहे. नाव मात्र जुने. आधुनिक कतारचे संस्थापक मानले जाणारे शेख जासिम बिन मोहम्मद अल थानी यांचे वास्तव्य येथे असे; ते १९१३ साली वारले. त्या काळच्या उजाड किनाऱ्यावर आज ट्राम धावते, चंद्रकोरीसारखे वाकलेले जोड मनोरे उभे आहेत, आणि दोहा मेट्रोची तांबडी लाईन उत्तरेकडे येथेच येऊन संपते. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तो येथल्याच स्टेडियमवर. कोकणातल्या माणसाला येथला समुद्र मात्र जरा चमत्कारिक वाटतो. अलिबाग-रेवदंड्याचा सूर्य समुद्रात बुडतो. लुसैलचा सूर्य समुद्रातून वर येतो आणि मावळताना वाळवंटाकडे जातो. लाटाही आपल्याकडच्यासारख्या आदळत नाहीत. तरीपण पाणी ते पाणी. परक्या मुलखात पायाखाली ओली वाळू लागली की माणसाला बरे वाटते.

सहल म्हटली की तयारी आली. चटया, छत्री, पाण्याचे कॅन, कांदेपोह्यांचा डबा, उकडलेली अंडी, चहाचे थर्मास. आणि ज्या घरांत मुले लहान आहेत त्या घरांबरोबर आणखी एक व्यक्ती असते. ती फिलिपिन्सची असते, श्रीलंकेची असते, नेपाळची वा केनियाची असते, कधी आपल्या आंध्रातली असते. घरात तिला नावाने हाक मारतात, पण चारचौघांत तिचा उल्लेख ‘आमची मेड’ असाच होतो. सर्व मंडळी पाण्यात असतात तेव्हा ती चटईच्या कडेला धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली दिसते. पायांत बूट तसेच. तिचे तोंड समुद्राकडे असते खरे, पण डोळे पाण्याकडे धावणाऱ्या थोरल्यावर खिळलेले असतात. संध्याकाळी चटया झटकणे, डबे भरणे, ओले कपडे पिळणे हे काम तिचेच. दुसऱ्या दिवशी घर उशिरापर्यंत झोपते, आणि ती वाळूने भरलेले टॉवेल धुवायला टाकते.

मग प्रश्न असा पडतो की त्या तीन दिवसांत सुट्टी नेमकी कोणाला मिळाली?

हा प्रश्न आम्ही कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी विचारत नाही. ज्या घरांतून असे घडते ती घरे दुष्ट नसतात. त्या बाईला पोटभर जेवण मिळते, पगार वेळेवर मिळतो, तिच्या आईच्या आजारपणात उचल मिळते. प्रश्न दयेचा नाहीच. विसावा ही मालकाने खुशीने द्यायची वस्तू आहे, की माणसाचे ते देणे आहे, असा तो प्रश्न आहे. दया आणि देणे यांत फार अंतर असते. दया करणारा आपल्या सवडीने करतो. देणेकऱ्याला ठरल्या दिवशी पैसे मोजावे लागतात.

याबाबतीत आमच्या मंडळींशी बोलताना तीन उत्तरे कानांवर येतात. तिन्ही विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर असे: “अहो, आम्ही तिला घरी कोंडून थोडेच ठेवतो? बरोबर नेतो. तिलाही तेवढीच हवापालट होते.” यात तथ्य आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. समुद्रावर असताना ती बाई मांडीवरचे मूल आईच्या हाती देऊन, “मी जरा किनाऱ्याने फिरून येते, तासाभराने परत येईन,” असे म्हणू शकते का? म्हणू शकत असेल तर ती सहलीला आली आहे. म्हणू शकत नसेल तर ती कामावर आली आहे; फक्त त्या दिवशी कामाची जागा लादीऐवजी वाळू आहे. सुट्टी ही जागेवरून ठरत नाही. आपल्या वेळेचा धनी कोण, यावरून ती ठरते. ज्याला कोणत्याही क्षणी हाक येऊ शकते आणि ज्याला ‘ओ’ द्यावीच लागते, तो पलंगावर पडलेला असला तरी कामावरच असतो. हे आमच्या इंजिनियर-अकाउंटंट मंडळींना वेगळे समजावून सांगायला नको. समुद्रावर पाय पसरून बसले असता साहेबाचा फोन आला की त्यांचा जीव किती कातावतो! “सुट्टीच्या दिवशीसुद्धा सुखाने बसू देत नाहीत,” असे ते तणतणतात, आणि त्याच दमात मागे वळून, “जरा पाण्याची बाटली दे गं,” अशी हाकही मारतात.

दुसरे उत्तर अधिक जोरकस आहे: “तिलाच सुट्टी नको असते. ती पैसे मिळवायला आली आहे. सुट्टी घेऊन या परक्या देशात ती जाणार कुठे? त्यापेक्षा जादा पैसे घेऊन काम करणे तिला परवडते.” यात काही अंशी सत्य आहे हे नाकारता येणार नाही. घर सोडून हजारो मैल आलेल्या माणसाला प्रत्येक रियाल मोलाचा वाटतो. परंतु जी बाई आपल्याच घरात राहते, आपल्याच घरात जेवते आणि जिची नोकरी आपल्या मर्जीवर आहे, तिला “तुला सुट्टी हवी का?” असे विचारले तर ती दुसरे काय सांगणार? जेथे नाही म्हणण्याची सोय नाही तेथील होकाराला किती वजन द्यायचे?

येथे आपल्या समाजाला आपल्याच घरातले एक उदाहरण आठवावे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आपल्या पूर्वजांना शेजारीपाजारी ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद. आता घाणा बंद म्हणजे काय? तेली घरी बसला एवढेच नव्हे. घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा राहिला. मराठीत ‘घाण्याचा बैल’ हा शब्दप्रयोग ज्याच्या जिवाला कधीच उसंत नाही अशा प्राण्यासाठी वापरतात. त्या बैलालाही आठवड्यातून एक दिवस जू मानेवरून उतरल्याचे सुख होते. शब्बाथाची आज्ञा आपण नीट वाचली तर तीत घरच्या माणसांपाशी यादी थांबत नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका यांचाही तीत नावानिशी समावेश आहे. आणि अनुवादाच्या पुस्तकात याचे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा.

या आज्ञेत ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. ती दासीला उद्देशून नाही, तिच्या मालकाला उद्देशून आहे. दासीने विसावा मागावा आणि मग मालकाने द्यावा, असे तीत नाही. मागण्याचे बळ तिच्याजवळ नाही हे आज्ञा देणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून विसाव्याची जबाबदारी ज्याच्या हाती काम सांगण्याचा अधिकार आहे त्याच्यावरच टाकली. “तिलाच नको असते” या उत्तराचे खंडन आम्हांस येथे सापडते.

कोणी म्हणेल, ही धर्माची गोष्ट झाली, व्यवहारात काय? व्यवहाराचा इतिहासही हेच सांगतो. आज आपण ज्या रविवारला आपला हक्क मानतो तो मुंबईच्या गिरणी कामगारांना कोणी आपणहून दिला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना इजा झाली तर भरपाई. एवढ्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली. त्याआधीच्या सभांत बायकाही व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या, हे विसरू नये. आपल्या आजोबा-पणजोबांनी रविवारी चौपाटीवर मुलांना फिरवले असेल तर त्यामागे या लोकांची खटपट आहे. मात्र रविवारची ती सुट्टी गिरणीच्या दारापर्यंत आली, घराच्या मोरीपर्यंत आली नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा कोठे त्यांच्या पगाराचा आणि सुट्टीचा प्रश्न चारचौघांत बोलला जाऊ लागला, आणि महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा होण्यास २००८ साल उजाडावे लागले.

लुसैलच्या समुद्राचाही असाच एक इतिहास आहे. तेल लागण्यापूर्वी या किनाऱ्याची सारी मिळकत मोत्यांवर होती. उन्हाळ्याचे चार महिने गलबते समुद्रात राहत आणि पाणबुडे कमरेला दोर बांधून तळाशी जात. गलबताच्या प्रमुखाला ‘नाखुदा’ म्हणत. आपल्या कोकणातला ‘नाखवा’ तो हाच. पाणबुड्याला आधी उचल दिली जाई आणि ती फेडता फेडता त्याचा जन्म सरे. कित्येकदा ते कर्ज मुलाच्या डोक्यावर बसे. आफ्रिकेतून आणलेले गुलामही या कामाला जुंपलेले असत. मोती विकायला मुंबईला जात. म्हणजे आपल्या मुंबईच्या पेढ्यांवर जी चमक दिसे ती अशा लोकांच्या श्वासावर उभी होती. जपानी मोती बाजारात आले आणि १९३० च्या सुमारास हा धंदा बसला. गुलामगिरी कतारमध्ये १९५२ साली कायद्याने बंद झाली. आज दोह्याच्या मशैरिब भागात ‘बिन जलमूद हाऊस’ नावाचे संग्रहालय आहे. तेथे या गुलामगिरीची हकीकत या देशाने स्वतःच मांडून ठेवली आहे. ज्या पाण्यात आमची मुले रबरी चक्र घेऊन डुंबतात, ते पाणी तीन पिढ्यांपूर्वी कोणाला तरी दम घेण्याचीही फुरसत देत नव्हते.

यावर कोणी असे समजू नये की येथे कायदा नाही. २००४ च्या कामगार कायद्याने आठवड्यातून सलग २४ तासांची भरपगारी सुट्टी दिली. घरकाम करणाऱ्यांना तो कायदा लागू नव्हता; त्यांच्यासाठी २०१७ साली १५ क्रमांकाचा वेगळा कायदा झाला. त्यानुसार दिवसाला जास्तीत जास्त दहा तास काम आणि आठवड्याला सलग २४ तासांची भरपगारी सुट्टी द्यावी लागते. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे “सुट्टी दिली तर तिचा पगार बुडेल” ही सबबही उरत नाही. पण कायद्याची एक अडचण सर्व देशांत सारखी आहे. तो बांधकामाच्या जागेवर जाऊन घड्याळ पाहू शकतो. फ्लॅटच्या आत जाऊन स्वयंपाकघरातला दिवा रात्री किती वाजता मालवला हे पाहू शकत नाही. उंबरठ्याच्या आत जे काम करायचे ते आपल्या विवेकालाच करावे लागते.

आता तिसरे उत्तर: “सगळ्यांनीच सुट्टी घेतली तर समुद्रावर जीवरक्षक कोण राहील? ट्राम कोण चालवील? चहा कोण देईल?” हा आक्षेप खरा आहे, पण तो आमच्या म्हणण्याला लागू पडत नाही. सर्वांना एकाच दिवशी सुट्टी मिळावी, असे कोणी म्हणत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा, असे आपले शास्त्रच सांगते. मुद्दा इतकाच की माझ्या सुट्टीच्या दिवशी जो कामावर आहे, त्याचा स्वतःचा असा दिवस आठवड्यात कुठे तरी आहे का? जीवरक्षकाची पाळी बदलते. ट्रामचा माणूस सोमवारी नाही तर मंगळवारी घरी बसतो. पण मेडची पाळी बदलायला दुसरे कोणी येत नाही. घरच्यांची सुट्टी वाढली की तिचे काम वाढते, कारण सर्व मंडळी घरी असतात, पाहुणे येतात, दोन वेळचा स्वयंपाक चार वेळचा होतो. सलग तीन दिवसांची सुट्टी ही आमच्या दृष्टीने पर्वणी, तर तिच्या दृष्टीने आठवड्यातले सर्वांत जड तीन दिवस. एकाच कॅलेंडरचे हे दोन अर्थ आहेत.

आणि “ती जाणार कुठे?” म्हणणाऱ्यांनी एखाद्या शुक्रवारी दोह्याच्या मसैमीर भागात जाऊन यावे. तेथे निरनिराळ्या पंथांची चर्चे एका आवारात आहेत. रविवार येथे कामाचा वार, म्हणून शुक्रवारी तेथे मोठी गर्दी लोटते. फिलिपिन्सच्या, केरळच्या, आफ्रिकेच्या बायका ठेवणीतले कपडे घालून येतात, आपापल्या भाषेत बोलतात, आपल्या गावचे खाणे वाटून खातात. तेथे त्या कोणाच्या मेड नसतात. कोणी गाणारी असते, कोणी शिकवणारी असते, कोणी चारजणींना सल्ला देणारी मोठी बहीण असते. आपले पूर्वज नोकरीनिमित्त कराचीला आणि एडनला गेले तेव्हा त्यांनीही पहिल्यांदा आपल्या माणसांना शोधले आणि प्रार्थनेसाठी एकत्र जमले. परक्या देशात माणसाला माणूसपण परत मिळते ते अशाच एका मोकळ्या दिवसात. तो दिवस काढून घेतला तर उरतात ते फक्त हात.

यात आपल्या मुलांचाही प्रश्न आहे. त्यांना आपण शाळेत समतेचे धडे गिरवायला पाठवतो. पण मूल धड्यापेक्षा घर पाहून शिकते. समुद्रावर सगळे खेळत असताना एक माणूस सतत उभा असतो, हे ते पाहते. आई-बाबांना त्याचे काही वाटत नाही, हेही ते पाहते. मग काही माणसे विसाव्यासाठी जन्मतात आणि काही त्यांच्या पिशव्या धरण्यासाठी, असे त्याच्या मनात आपोआप ठसते. हा संस्कार आपण ठरवून करत नाही. म्हणूनच तो खोल जातो.

तर मग करावे काय? फार मोठे काही करायला नको. आठवड्याचा एक दिवस तिचा म्हणून आधीच ठरवावा आणि तिला सांगावा. “या आठवड्यात पाहू” असे म्हणू नये, कारण ज्या सुट्टीची खात्री नाही तिचे बेत आखता येत नाहीत. त्या दिवशी तिने कुठे जावे हे आपण विचारू नये. पासपोर्ट तिच्याजवळच असावा. येथील कायदाही तसेच सांगतो. मोठी सुट्टी आली तर तीन दिवसांपैकी एक पूर्ण दिवस आणि जमल्यास दोन तिला मिळावेत. त्या दिवशी पोह्यांऐवजी पाव-लोणी नेले तरी सहल बुडत नाही. धाकट्याला बापाने खांद्यावर घ्यावे, चटई थोरल्याने झटकावी. पाळीपाळीने एकाने किनाऱ्यावर बसावे आणि बाकीच्यांनी पोहावे. थोडी दमछाक होईल. पण दमछाक आपल्या सुट्टीची आहे. तिचा भार दुसऱ्याने वाहावा असा नियम कोठेही नाही.

परदेशात राहणारा प्रत्येक माणूस कोणाच्या तरी वेशीच्या आतला परका असतो. आम्हीही येथे परकेच आहोत. आमच्या डोक्यावर साहेब आहे आणि हाताखाली कोणी आहे. साहेबाने आमचा शुक्रवार राखावा असे ज्याला वाटते, त्याने आधी आपल्या घरातला शुक्रवार राखावा. पुढची मोठी सुट्टी कॅलेंडरवर शोधताना, त्या तारखांपुढे घरातल्या सर्व माणसांची नावे लिहून पाहावीत, आणि कोणाच्या नावापुढची जागा कोरी राहते का, तेवढे तपासावे. ती जागा भरली तर लुसैलचा समुद्र आपल्याला खऱ्या अर्थाने विसावा देईल, असे आम्हांस वाटते.